अंजू करवली होणार होती

अंजू मुंबईहून बरी होऊन आली तेव्हा आमच्या गावात तिचा फ्लेक्स लागला होता. खोटं वाटेल, पण खरं आहे. वर विजयसिंह आप्पांचा हात जोडलेला हसरा फोटो, त्याखाली त्यांच्या बारा कार्यकर्त्यांची मुंडकी, आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून बसवावी तशी, टकलावरून ओढणी घेतलेली आठ वर्षांची अंजू. खाली लिहिलं होतं, 'मृत्यूवर मात करणारी वाघीण'. आप्पांनी शाल दिली, नारळ दिला आणि फोटोसाठी पोरीला कडेवर उचललं. घाबरून ती त्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर ओकली. तो फोटो कुणी छापला नाही.

मी भिवरा. वडवणीपासून बारा किलोमीटरवरच्या या गावात सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवते. गावातलं तिशीच्या आतलं बहुतेक माणूस माझ्या वजनकाट्यात बसून मोठं झालेलं आहे. त्यामुळे कुणाला काही बोलायला मला भीड वाटत नाही, निदान वाटत नाही असा माझा समज होता.

अंजूचं दुखणं सगळ्यात आधी मी पाहिलं आणि मीच ओळखलं नाही. पहिलीत गेली तरी खाऊला ती माझ्याकडेच यायची. सकाळी उठली की डोकं धरायची, ओकायची, आणि दुपारी पुन्हा पोरांत पळायची. मी जंताची गोळी दिली. तिची आजी जानकीबाई नारायणगडाचा अंगारा लावत राहिली. वडवणीच्या डॉक्टरनं पित्ताचं औषध दिलं. सहा महिने असे गेले. मग तिची मान एका बाजूला कलली आणि ती भिंत धरून चालायला लागली. बीडच्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं तिला सरळ रेषेत चालायला लावलं आणि त्याच दिवशी पुढं पाठवलं. मेंदूत मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. मुंबईत ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, इंजेक्शनं झाली. तिचे आईबाप, रामहरी आणि मुक्ताबाई, अकरा महिने दवाखान्याच्या भिंतीला पाठ लावून राहिले. त्या जंताच्या गोळीची मला अजून लाज वाटते.

जीव वाचला. बाकीचं पुष्कळ गेलं. उजवा हात थरथरायचा, चाल झोकांड्या देणारी झाली, बोलणं एकेक शब्द निवडून घेतल्यासारखं संथ. मानेवर बोटभर लांब वण, आणि तिथले केस पुन्हा कधी आले नाहीत. उंची थांबली. काल काय झालं ते आज आठवेल याचा भरवसा नाही.

फ्लेक्स पावसानं फाटला, लोकांनी तो शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला, आणि वाघिणीला खेळायला घ्यायला कुणी तयार नव्हतं. सुरुवातीला पोरं तिला कच्चं लिंबू करायची. म्हणजे लंगडीत, आट्यापाट्यात ती सगळ्यांबरोबर पळणार, पण तिला धरलं तरी ती बाद नाही आणि तिनं धरलं तरी कुणी बाद नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला असं घेतात, दोन वर्षांत ते पिकतं. अंजू तेरा वर्षांची झाली तरी कच्चीच. नंतर पोरांना तेही जड झालं. 'तू चपला सांभाळ' म्हणून तिला कडुलिंबाखाली बसवायचे. ती सांभाळायची. मनापासून.

बायांनी तर कहर केला. दोन-तीन घरांतून पोरींना ताकीद होती, तिच्या ताटात जेवायचं नाही, तिची फणी घ्यायची नाही. मी हातपंपावर एकीला फाडफाड बोलले, "गाठ म्हंजी काय खरूज हाय का गं, लागायला?"

ती म्हणाली, "आमी कुठं काय म्हणतो? पन कावून परीक्षा घ्यायची देवाची?"

'कावून' म्हणजे कशाला. मी माझी कळशी उचलली आणि घरी आले.

मग रोहिणी आली. म्हणजे होती गावातलीच, बंकट मुकादमाच्या टोळीत ऊस तोडणाऱ्या भारतची मुलगी. पण लहानपणापासून आईबापांमागं कारखान्याच्या फडावर फिरलेली, त्यामुळं शाळेत दोन वर्षं मागं पडून अंजूच्याच वर्गात येऊन बसलेली. वर्गात ती सगळ्यात थोराड. तिलाही कुणी खेळायला घेत नव्हतं, आणि घेतलं असतं तरी ती गेली नसती. अंजूशेजारची जागा रिकामी होती, ती तिथं बसली. एवढंच. मैत्रीला काही फार मोठी कारणं लागत नाहीत.

रोहिणी काही देवता नव्हती. चिडली की अंजूच्या पाठीत धपाटा घालायची, म्हणायची, "बोल की गं पटकन, संध्याकाळ व्हतीय." पण बाजूचे केस ओढून आणून वणावर पिन लावायची ती रोहिणीच. फुगडीचा हट्ट अंजूनं धरला, तेव्हा उभ्यानं जमत नाही म्हणून दोघी मातीत बसून हात धरून डोलल्या. सगळ्या पोरी हसल्या. रोहिणीनं एकीला ढेकूळ फेकून मारलं. त्या दिवशी मी अंजूला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं.

अंजूकडे एक वही असायची. मुंबईच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सवय लावली होती: जे विसरू नये असं वाटतं ते त्याच दिवशी लिहायचं, आणि आठवड्याला कुणीतरी मोठ्या माणसानं तिच्याबरोबर बसून वाचायचं. आईबाप सहा महिने फडावर, आजी निरक्षर, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती अंगणवाडीत यायची. मोठी, वाकडी अक्षरं. 'सोमवार. गणिताचा तास झाला. रोहिणी आली.' 'मंगळवार. रोहिणी आली नाही.' 'बुधवार. रोहिणी आली.' पानंच्या पानं अशी. गावाला वाटायचं, ह्या पोरीच्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून तिच्यासमोर लोक काहीही बोलायचे. वही वाचणारी मी आहे हे मात्र रोहिणीला पक्कं ठाऊक होतं. आम्ही वाचत असताना ती दारात बसून शेंगा फोडायची.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतरची. दिवाळीच्या तोंडावर टोळ्या निघतात. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला मुकादम विचारत नाही. म्हणून टोळी निघायच्या आधी, मुहूर्त नसताना, मंगलाष्टका अर्ध्यात गुंडाळून लग्नं लागतात. पोरगी सोळाची असो की चौदाची, तिचा कोयता पुरा झाला की झालं. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही.

त्या आठवड्यात अंजू पाण्यानं भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून दारापासून लिंबापर्यंत चालताना दिसायची. जायची, यायची. निम्मं पाणी अंगावर. जानकीबाई ओरडायची, "टँकरचं पानी हाय सटवे, नदीचं न्हाई!" अंजू पुन्हा भरायची. चौथ्या दिवशी पाणी कमी सांडायला लागलं. मला वाटलं, मुंबईहून काही व्यायाम सांगितला असेल.

शनिवारी वही उघडली. लिहिलं होतं: 'रोहिणीचं लग्न आहे. येत्या गुरुवारी सकाळी, त्यांच्या घरी. तिला बहीण नाही म्हणून मी करवली. करा धरून तिच्या मागं उभं राहायचं. पाणी सांडायचं नाही. कुणाला सांगायचं नाही.'

शेवटच्या ओळीवर अंजूनं घाईघाईनं हात ठेवला. "हे वाचू नका ताई. हे तुमचं न्हाई."

"मग लिहिलं कशाला?"

"रोहिणी म्हणली, लिही, विसरशील."

दारात त्या दिवशी रोहिणी नव्हती. अंजूचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. आठ वर्षांच्या वयापासून कुठल्याही कार्यात तिला मधे उभं केलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला तिला पाठीमागं बसवत. आणि आता वऱ्हाडासमोर, नवरीच्या मागं, हातात करा. तिनं मला विचारलं, "मी पाडणार न्हाई ना, ताई?"

मी म्हणाले, "नाही गं."

आणि सोमवारी वडवणीच्या बाजाराला जाते म्हणून गेले आणि तिथून एक हजार अठ्ठ्याण्णवला फोन लावला. बालविवाहाची खबर द्यायचा नंबर. माझं ते कामच आहे, गावाच्या समितीत माझं नाव आहे. रोहिणी सोळाची. मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. नाव सांगायची सक्ती नसते, मी सांगितलं नाही.

बुधवारी हळदीच्या वेळेला गाडी आली. पोलीस, ग्रामसेवक, बीडहून दोन बाया. मांडव उतरला. भारतनं हमीपत्रावर अंगठा दिला, मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही. रोहिणी हळदीच्या तोंडानं भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. खरं सांगायचं तर मी नीट पाहिलंच नाही. मी दुसऱ्या रांगेत, पदर डोक्यावर घेऊन, इतर बायांसारखी 'अगं बाई' करत उभी होते.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत शोध सुरू झाला. कुणी सांगितलं? बंकट मुकादम शाळेच्या कट्ट्यावर उभा राहून शिव्या देत होता, कारण त्याचा एक कोयता मोडला होता. तेवढ्यात रोहिणीची आई म्हणाली, "त्या अंजूला ठावं व्हतं. ती समदं लिवती."

सगळी माणसं जानकीबाईच्या पत्र्याच्या घरापुढं गेली. मीही गेले. अंजू तांब्या घेऊन लिंबापाशी उभी होती. लग्न मोडल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

"कुणाला सांगितलंस गं?" भारत ओरडला.

"कुणाला न्हाई," ती म्हणाली. मग थांबली. तिचं ते नेहमीचं थांबणं, शब्द शोधण्याचं. लोकांना ते चोरी पकडल्यासारखं वाटलं. "मला... आठवत न्हाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. वही कोण वाचतं हे तिला त्या क्षणी आठवत होतं की नाही, देव जाणे. पण मला आठवत होतं. माझ्या पुढ्यात पंचवीस माणसं होती. शेजारच्या गावात अशीच खबर दिलेल्या सेविकेच्या अंगणवाडीला लोकांनी दोन महिने कुलूप लावलं होतं, तिच्या नवऱ्याला मारलं होतं. मला वाटलं, मी तोंड उघडलं तर गावातून उठले. आणि पुढं वाटलं, आणि हे जास्त वाईट आहे, की अंजूला कोण काय करणार? आजारी पोर. दोन दिवस बोलतील आणि सोडून देतील.

मी गप्प बसले. सत्तावीस वर्षं जिच्या जिभेला गाव भ्यायलं, ती भिवराबाई.

जानकीबाईनं लोकांसमोर नातीच्या थोबाडीत मारली आणि वही चुलीत घातली. पोरीला वाचवायचा तिला तेवढाच मार्ग सुचला असेल. अंजूचा तोल गेला, तांब्या कलंडला. रोहिणी गर्दीच्या मागं उभी होती. ती पुढं आली नाही.

लोक दोन दिवसांत सोडून देतील हा माझा हिशेब साफ चुकला. ज्या पोरी निदान चपला सांभाळायला हाक मारायच्या, त्याही बंद झाल्या. वर्गात तिच्या बाकाला कुणी शिवेना. एका पोरीनं तिला तोंडावर सांगितलं, "तू मेली असतीस तर बरं झालं असतं, म्हणते माझी आई." रोहिणीला शाळेतून काढलं. शनिवारी अंजू माझ्याकडे आली नाही, आणि मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवते.

दिवाळीच्या दोन दिवस आधी कळलं, रोहिणीचं लग्न झालं. गेवराईच्या पलीकडं, नवऱ्याच्या मामाच्या गावात, एका देवळापुढं, दहा माणसांत. तिथूनच ट्रकमध्ये बसवून पोरीला कारखान्याला नेलं. करवली कुणी नव्हतं. हमीपत्र ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, कुणाला बघायचं असेल तर. मी स्वतःची समजूत घातली की जागा-तारीख माहीत असती तर मी पुन्हा फोन केला असता. मला माहीतच नव्हतं, मी काय करणार?

टोळ्या गेल्या की आमचं गाव ओस पडतं. म्हातारी माणसं, शेळ्या आणि मागं ठेवलेली पोरं. रामहरी-मुक्ताबाईही गेले, जाताना पोरीला कुणाशी काही बोलायचं नाही अशी तंबी देऊन. अंजू शाळेतून यायची, लिंबाखाली बसायची आणि रस्त्याकडं बघायची. मुळात संथ असलेलं तिचं बोलणं जवळजवळ थांबलं. जानकीबाई मला म्हणाली, "ताई, गाठ परत आली का काय बघा की. पोरगी घुमी झाली." मी बीडला नेऊन तपासून आणलं. गाठ नव्हती.

ते ऐकून मला राहवेना. डिसेंबरातल्या एका दुपारी मी नवी वही घेतली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. महिनाभर जुळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "अंजू, रोहिणीच्या लग्नाचं तू कुणाला सांगितलं नव्हतंस. मी तुझ्या वहीत वाचलं आणि मी फोन केला. तुझा काही दोष नाही. मी त्या दिवशी भ्याले म्हणून बोलले नाही. आता मी सगळ्यांना सांगणार आहे."

मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर माझ्यावर चिडेल. तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"तुमी माझ्यासाठी खोटं बोलू नका ताई. समदेच बोलतेत खोटं. मुंबईला पन म्हणायचे, दुखनार न्हाई."

"खोटं नाही गं, खरंच—"

"ऱ्हाऊ द्या. आता त्याचं काय न्हाई." आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर कसलं तरी गुपित सांगायची लगबग दिसली. "मी परत चुकले न्हाई. रोहिणी आलती ना, चोरून. शेळीला पाला न्यायला म्हणून आलती. तिनं मला दुसऱ्या लग्नाचं सांगितलं. गाव पन सांगितलं, देऊळ पन, मंगळवार पन. म्हणली, लिही. मी म्हणलं, न्हाई लिहिनार. ती परत म्हणली, लिही गं, वही कुठं हाय तुझी? मी म्हणलं, जळाली. मग म्हणली, ताईकडं गेलीस का शनिवारी? जा की. दोनदा म्हणली. रडत व्हती."

मी हातातली नवी वही मिटली. दारात बसून शेंगा फोडणारी ती पोरगी. सोळा वर्षांच्या पोरीला फोन नव्हता, बापासमोर बोलायची सोय नव्हती, घराबाहेर पडायची मुभा नव्हती. माझ्यापर्यंत पोचायला तिच्याकडे एकच रस्ता होता, तो अंजूच्या वहीतून होता. पहिल्या वेळीही तिनंच 'लिही' म्हटलं होतं. आणि तो रस्ता मी गर्दीत गप्प उभी राहून बंद केला होता.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"न्हाईच लिहिलं. तुमच्याकडं पन आले न्हाई. कुणालाच न्हाई सांगितलं," अंजू म्हणाली. थरथरणारा उजवा हात तिनं डाव्या हातात घट्ट धरला होता. "ती परीक्षा बघत व्हती माझी, मला कळलं. आता पाडव्याला टोळी परत आली की ती बोलंल ना माझ्याशी?"

मी हो म्हणाले.